सिनेतेका नासिओनाल, मेक्सिको सिटी : टोपी, ढग आणि दुसरा शेवट

रुंद काठाची टोपी, घोडा, मिशा, हातात गिटार आणि मागे निवडुंग. 'मेक्सिकन' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं हे चित्र वाटतं तेवढं जुनं नाही. पडद्यावर ते पक्कं झालं १९३६ साली, 'आया एन एल रांचो ग्रांदे' या गाण्यांनी भरलेल्या प्रेमकथेमुळे. सिनेमा सगळ्या लॅटिन अमेरिकेत धो धो चालला आणि पुढची वीस वर्षं त्याच्या नकला निघत राहिल्या. दिग्दर्शक होता फर्नांदो दे फुएन्तेस. मेक्सिको सिटीतल्या सिनेतेका नासिओनालमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी चित्रपट संग्रहालयात, एका प्रेक्षागृहाला त्याचं नाव आहे.

मात्र १९७४ च्या जानेवारीत ही संस्था सुरू झाली तेव्हा उद्घाटनाला दे फुएन्तेसचा टोपी-गिटारवाला सिनेमा लावला नव्हता. लावला तो १९३३ चा 'एल कॉम्पाद्रे मेंदोसा'. १९१० नंतरच्या मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत ज्या बाजूचं सैन्य दारात येईल त्या बाजूच्या नेत्याची तसबीर भिंतीवर टांगणाऱ्या, आणि शेवटी आपल्याच जिवलगाला विकणाऱ्या जमीनदाराची ही गोष्ट. राष्ट्रीय संस्थेच्या पहिल्या खेळाला राष्ट्राबद्दल इतका कडू सिनेमा निवडायला धाडस लागतं. ते धाडस या जागेच्या कार्यक्रमांत अजूनही अधूनमधून दिसतं, आणि इथे तिकीट काढण्याचं खरं कारण तेच आहे. मेक्सिकोनं स्वतःचं चित्र कसं रंगवलं आणि पुढे कसं खरवडलं, हे एकाच इमारतीत, मोठ्या पडद्यावर पाहायला मिळतं.

आधी पोचायचं कसं ते. सिनेतेका शहराच्या दक्षिण भागात, शोको वस्तीत आहे. मेट्रोची ३ क्रमांकाची लाइन, स्थानक कोयोआकान. कितीही लांबून आलात तरी तिकीट ५ पेसो. स्थानकातून चालत दहाएक मिनिटं लागतात. इथे नवख्यांची हमखास चूक होते. कोयोआकान स्थानक आणि कोयोआकानचा जुना, झाडांचा, कारंज्याचा चौक हे एक नव्हेत. चौक दक्षिणेला बराच लांब आहे. 'आधी चौकात खाऊ, मग सिनेमाला जाऊ' असा बेत असेल तर मध्ये मोकळा वेळ ठेवा. परतीची मेट्रो मध्यरात्री बारापर्यंत, त्यामुळे रात्रीच्या शेवटच्या खेळाला जाताना सिनेमाची लांबी आधीच पाहून घ्यावी.

आजची इमारत २०१२ च्या मोठ्या नूतनीकरणातून आली आहे. रोखकिंद आर्किटेक्तोस या मेक्सिकन फर्मचं हे काम. जुन्या आणि नव्या प्रेक्षागृहांच्या मधल्या मोकळ्या जागेवर पांढऱ्या, भोकं पाडलेल्या त्रिकोणी पत्र्यांचं उंच छत आहे. आत दहा पडदे, बाहेर हिरवळ आणि उघड्यावरचा पडदा. शेजारी, भिंतीपलीकडे, दफनभूमी. हिरवळीवर तिकिटाविना बसता येतं आणि संध्याकाळी तिथे अर्धं शहर लोळत पडलेलं असतं. हा भाग कोणाला आवडणार नाही असं नाही, पण सिनेमाच्या बाबतीत तो दुय्यम. खरी किंमत आहे ती फिती जपणाऱ्या तिजोऱ्यांची, आणि त्यांच्यामागे एक आग आहे.

पहिली सिनेतेका चुरुबुस्को स्टुडिओच्या आवारात होती. २४ मार्च १९८२ च्या संध्याकाळी, खेळ चालू असताना, ती पेटली. माणसं गेली, आणि सहा हजारांहून अधिक सिनेमांच्या प्रती जळाल्या. कारण समजून घेण्यासारखं आहे. १९५० च्या आसपासपर्यंत सिनेमाची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ जळताना लागणारा ऑक्सिजन स्वतःच सोडतो, त्यामुळे एकदा पेटला की पाण्यात बुडवूनही विझत नाही. जुनी, सडायला लागलेली फीत तर साध्या उकाड्यातही धोक्याची. म्हणून नायट्रेट वेगळ्या, थंड, वारा खेळत्या इमारतीत ठेवायचं असतं, प्रेक्षक बसतात तिथे तर मुळीच नाही. धोक्याचे इशारे आधी मिळाले होते. १९८४ मध्ये संस्था शोकोला आली. नायट्रेटनंतर आलेली ॲसिटेटची फीत तशी पेटत नाही, पण तिला वेगळा रोग होतो. ओल आणि उष्णतेनं ती आकसते, वळते आणि तिला व्हिनेगरचा वास येऊ लागतो. एका डब्यातला वास शेजारच्या डब्यांना लागतो, तो शब्दशः संसर्ग असतो. इथल्या डिजिटल दुरुस्तीच्या प्रयोगशाळेला एलेना सांचेझ व्हालेन्सुएला हिचं नाव दिलं आहे. मूकपटांच्या काळातली ही नटी, आणि १९३६ मध्ये देशात पहिल्यांदा राष्ट्रीय फिल्म-संग्रह उभा करायची धडपड करणारीही हीच. ज्या साली दे फुएन्तेस टोपी आणि गिटार विकत होता, त्याच साली ही बाई डबे गोळा करत होती.

आता पाहायचं काय आणि कुठे बसून.

१९४० च्या दशकातले, म्हणजे ज्याला तिथे 'सुवर्णकाळ' म्हणतात त्यातले सिनेमे लागले असतील तर पहिली पसंती छायाचित्रकार गाब्रिएल फिगेरोआनं टिपलेल्यांना द्या. दिग्दर्शक बहुतेक वेळा एमिलिओ फर्नांदेझ, ज्याला सगळे 'एल इंदिओ' म्हणत. या जोडीची ओळख म्हणजे आभाळ. क्षितिज चौकटीत अगदी खाली, त्यावर घोडेस्वाराची किंवा चादर पांघरलेल्या बाईची काळी आकृती, आणि वरचा दोन तृतीयांश भाग ढगांनी भरलेला. हे आभाळ तसं 'सापडलेलं' नाही. कृष्णधवल फितीवर निळं आभाळ पांढुरकं उमटतं आणि ढग त्यात विरघळतात. भिंगापुढे लाल किंवा गडद नारिंगी फिल्टर लावला की निळा प्रकाश अडतो, आभाळ काळवंडतं आणि पांढरे ढग त्यातून उठून येतात. फिल्टर जितका गडद तितका प्रकाश कमी पोचतो, म्हणून ऊन कडक लागतं. लाल फिल्टरमुळे ओठांचा लाल रंगही फिका पडतो, मग मेकअप वेगळा करावा लागतो. म्हणजे 'मेक्सिकोचं आभाळ' हा अर्धा भूगोल आणि अर्धी काच आहे.

मोबाइलवर हे सगळं राखाडी चिखल होऊन जातं. १९४६ चा 'एनामोरादा' हे चांगलं उदाहरण. चोलुला गावात चित्रित झालेल्या या सिनेमाच्या शेवटी श्रीमंत घरातली, मारिया फेलिक्सनं साकारलेली बेआत्रिस सगळं सोडून क्रांतिकारी जनरलच्या घोड्यामागून चालू लागते. छोट्या पडद्यावर हे एका हट्टी मुलीचं शरण जाणं वाटतं. मोठ्या पडद्यावर मागचं आभाळ, धूळ आणि फौजेबरोबर चाललेल्या इतर बायकांची रांग दिसते, आणि ती कुणाच्या मागे नव्हे तर कुणामध्ये चालते आहे हे कळतं. तरीही दृश्य खटकतंच, आणि खटकायलाच हवं.

या काळातल्या सिनेमांची चौकट जवळपास चौकोनी असते, १.३७ ला १. पडदा रुंद असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील आणि टोप्या वरून कापल्या जात असतील, तर प्रोजेक्टरवर रुंद चौकटीची पट्टी चुकून राहिली आहे. असं जगात कुठल्याही चित्रगृहात होऊ शकतं, लगेच बाहेर जाऊन सांगावं. फिगेरोआच्या चौकटीत वरचा दहावा भाग गेला तर सिनेमाच गेला. बसायला मधल्या रांगा बऱ्या. पुढे बसून काही हाती लागत नाही, कारण चित्र रुंद नसून उंच आहे. आणि कार्यक्रमपत्रिकेत ३५ मिलिमीटर लिहिलं आहे की डिजिटल, हे पाहावं. फितीच्या प्रतीवर ओरखडे असतील, रीळ बदलताना उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकेल, पण काळ्या रंगाची खोली वेगळीच मिळते. डिजिटल दुरुस्ती चांगली असली तर उत्तम. वाईट असली तर चेहरे मेणाचे दिसतात आणि ढगांतले दाणे पुसलेले असतात.

'मारिया कांदेलारिया' चुकवू नये. १९४३ मध्ये तयार झालेला आणि १९४६ च्या पहिल्यावहिल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पारितोषिकाचा इतर दहा सिनेमांबरोबर वाटेकरी ठरलेला. सोचिमिल्कोच्या कालव्यांत फुलं विकणारी आदिवासी मुलगी, आणि तिची भूमिका करायला हॉलिवूड गाजवून परतलेली दोलोरेस देल रिओ. पाय अनवाणी, भुवया मात्र स्टुडिओतल्या. 'मूळच्या मेक्सिकोचा' चेहरा म्हणून जगभर जो गेला तो हा. या सिनेमावर नेहमी हाच आक्षेप घेतात आणि तो खरा आहे. पण गोष्ट नीट पाहिली तर आक्षेप आतच लिहिलेला सापडतो. एक चित्रकार तिचा चेहरा रंगवतो. ती विवस्त्र बसायला नकार देते म्हणून धड दुसऱ्या बाईचं रंगवतो. गावाला चित्र दिसतं, गाव खवळतं आणि तिला दगडांनी मारतं. बाहेरून आलेल्या कलावंतानं जोडून केलेली प्रतिमा जिवंत बाईचा जीव घेते, हे कथानक त्याच प्रतिमा विकणाऱ्या सिनेमानं निवडावं! दिग्दर्शक फर्नांदेझला हे कितपत जाणवलं होतं, यावर संध्याकाळभर भांडता येतं.

रंगवलेल्या चेहऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर मातिल्दे लांदेता या दिग्दर्शिकेचा १९४९ चा 'ला नेग्रा अँगुस्तियास' कार्यक्रमात आला तर जरूर पाहा. क्रांतीत फौजेचं नेतृत्व करणारी आफ्रिकी वंशाची नायिका, त्या काळात बाई दिग्दर्शक, सगळं अपवादात्मक. आणि तरी नायिकेच्या भूमिकेत चेहऱ्याला काळा रंग फासलेली गोरी नटी. आफ्रो-मेक्सिकन लोकांना देशाच्या राज्यघटनेत नावानिशी जागा मिळाली ती २०१९ मध्ये. सत्तर वर्षांचं अंतर त्या मेकअपमध्ये बसून आहे.

विनोदी सिनेमांबाबत मात्र थेट इशारा. सिनेतेकात परदेशी सिनेमांना स्पॅनिश उपशीर्षकं असतात, पण मेक्सिकन सिनेमांना इंग्रजी उपशीर्षकं असतील हे गृहीत धरू नका, बहुतेक खेळांना नसतात. संस्था तिथल्या लोकांसाठी आहे, त्यात गैर काही नाही, पण परक्या प्रेक्षकासाठी हा सगळ्यात मोठा अडसर आहे. फिगेरोआचे सिनेमे कथानक आधी वाचून गेलं तर निभतात. विनोदी नट कान्तिन्फ्लास निभत नाही. त्याचं सगळं बळ बोलण्यात: वाक्य सुरू करायचं, फाटे फोडायचे, मोठमोठे शब्द पेरायचे आणि काहीच न सांगता थांबायचं. त्यावरून तयार झालेलं 'कान्तिन्फ्लेआर' हे क्रियापद स्पॅनिश शब्दकोशात गेलं. १९४० च्या 'आई एस्ता एल देतायेʼच्या शेवटी कोर्टात तो इतका बोलतो की न्यायाधीश आणि वकीलही त्याच्यासारखं बोलायला लागतात. त्याचा अर्थ स्पॅनिश येणाऱ्यालाही लागत नाही, पण त्याला हसू येतं आणि आपण कोरडे राहतो. तिन तानचंही तसंच. सरहद्दीवरचा, ढगळ सुटातला, इंग्रजी-स्पॅनिशची खिचडी बोलणारा हा नट. भाषेच्या राखणदारांना तो खुपायचा आणि तरुणांना तोच आपला वाटायचा. राष्ट्रीय ओळखीचा तंटा इतका मोकळेपणानं दुसऱ्या कुणी गायला नाही. पण त्यासाठी बरी स्पॅनिश हवी, महिन्याभराच्या ॲपवरची नव्हे.

व्यापारी साखळ्यांच्या चित्रगृहांत जाणार असाल तर फलकावर तीन खुणा दिसतील. 'सुब' म्हणजे मूळ भाषा आणि स्पॅनिश उपशीर्षकं, 'दोब' म्हणजे स्पॅनिशमध्ये डब केलेला, 'एस्प' म्हणजे स्पॅनिशमध्ये. वयाच्या खुणाही वेगळ्या आहेत: 'ब१५' पंधरा वर्षांवरच्यांसाठी, 'सी' प्रौढांसाठी. तरुण दिसणाऱ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं.

साखळ्यांचा उल्लेख आला म्हणून एक हिशेब. १९४९ च्या कायद्यानं पडद्यावरचा निम्मा वेळ मेक्सिकन सिनेमासाठी राखला होता. प्रत्यक्षात तो कधी पुरता पाळला गेला नाही, पण कागदावर होता. १९९२ च्या कायद्यानं तो आधी ३० टक्के आणि मग पायऱ्यापायऱ्यांनी १९९७ पर्यंत १० टक्क्यांवर आणला. १९९४ पासून अमेरिकेशी मुक्त व्यापार. स्थानिक सिनेमा शुक्रवारी लागून पुढच्या शुक्रवारी उतरतो, तोही आडवेळी, ही तक्रार तिथले सगळेच निर्माते करतात. सिनेतेकाचा दुसरा उपयोग इथे आहे: बाहेर एक आठवड्यात उतरलेला सिनेमा इथे टिकतो, आणि तिकीट साखळ्यांपेक्षा स्वस्त. २०१८ मध्ये अल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा' मोठ्या साखळ्यांनी घेतला नाही, कारण ऑनलाइन येण्याआधी चित्रगृहांना पुरेसा अवधी मिळत नव्हता. तो इथे पाहायला गर्दी लोटली. घरकाम करणाऱ्या मुलीची गोष्ट, आणि दोन मोलकरणी आपसांत मिश्तेक या आदिवासी भाषेत बोलतात. म्हणजे राजधानीतल्या प्रेक्षकालाही स्वतःच्या देशातलं बोलणं वाचून समजून घ्यावं लागलं. देशात स्पॅनिशखेरीज ६८ आदिवासी भाषांना कायद्यानं राष्ट्रीय भाषा मानलं आहे, पण पडद्यावर त्या अशा, स्वयंपाकघरातून, येतात. गंमत म्हणजे स्पेनमध्ये ऑनलाइन दाखवताना याच सिनेमातल्या मेक्सिकन स्पॅनिशला स्पेनच्या स्पॅनिशची उपशीर्षकं लावली होती. क्वारोननं जाहीर संताप केला, मग ती काढली.

'सुएन्यो एन ओत्रो इदिओमा' (२०१७) हा त्यापुढचा पेच. एका भाषेचे शेवटचे दोन बोलणारे म्हातारे एकमेकांशी बोलत नाहीत अशी गोष्ट, आणि ती भाषा सिनेमासाठी नव्यानं बनवलेली. खरी भाषा न वापरण्याचा निर्णय आम्हाला पटतो. कुणा एका समाजाला दंतकथा करून टाकण्यापेक्षा हे बरं. न पटणारेही बरेच आहेत. 'या नो एस्तोय आकी' (२०१९) मध्ये मॉन्तेरे शहरातली पोरं कोलंबियातला कुंबिया मुद्दाम सावकाश वाजवून त्यावर नाचतात. टोपी-गिटारवाल्या मेक्सिकोचा मागमूसही नाही, उसनं संगीत हीच त्यांची ओळख. उपशीर्षकांशिवाय पाहायचाच असेल तर आजच्या सिनेमांतला हा सर्वांत सोपा, कारण निम्मी गोष्ट पायांत आहे.

राहिला लुईस बुन्युएल. स्पेनमधून निर्वासित होऊन आलेल्या या माणसानं १९५० मध्ये राजधानीतल्या उकिरड्यावरच्या मुलांवर 'लोस ओल्बिदादोस' केला. छायाचित्रण फिगेरोआचंच, पण ढग नाहीत. आभाळ सपाट, भिंती उघड्या, मुलं एकमेकांना मारतात. 'हा आमचा देश नव्हे' म्हणत लोक उसळले आणि सिनेमा काही दिवसांत उतरवला. पुढच्या वर्षी कानला उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, तेव्हा तोच सिनेमा देशाची शान झाला. २००३ मध्ये युनेस्कोनं तो 'जगाची स्मृती' नोंदवहीत घेतला. या सिनेमाचा एक गोड शेवटही चित्रित करून ठेवला होता, ज्यात या मुलांमधला पेद्रो वाचतो आणि सुधारगृहात परत जातो. वापरावा लागला नाही. १९९० च्या दशकात तो डब्यात सापडला.

याची उलटी जोड म्हणजे दे फुएन्तेसचा 'व्हामोनोस कोन पांचो व्हिया'. टोपी-गिटारच्या बरोबरीनं १९३६ मध्येच आला, सरकारी मदतीनं, खऱ्या सैनिकांनिशी, आणि पडला. नेहमीच्या प्रतीत क्रांतीचा सेनानी पांचो व्हिया याच्या फौजेतला, निराश झालेला तिबुर्सिओ रुळांवरून अंधारात निघून जातो. बाजूला ठेवलेल्या शेवटात व्हिया त्याच्या घरी येतो आणि मागे कुणी उरू नये म्हणून त्याची बायको आणि मुलगी यांना गोळ्या घालतो. एका सिनेमातला गोड शेवट जादाचा ठरला, दुसऱ्यातला कडू.

तेव्हा हे दोन सिनेमे कार्यक्रमात दिसले तर तिकीट काढताना खिडकीवर विचारा: सोबत दुसरा शेवट दाखवणार आहेत का? तो कधी मुख्य सिनेमा संपून दिवे लागल्यावर जोडलेला असतो, आणि निम्मे लोक तोवर दारापर्यंत पोचलेले असतात. उत्तर नाही आलं तर उनाम या राष्ट्रीय विद्यापीठाच्या 'फिल्मोतेका उनाम' या संग्रहाच्या कार्यक्रमांवर नजर ठेवावी. १९६० पासूनचा तो दुसरा मोठा संग्रह, ३ क्रमांकाच्याच लाइनवर दक्षिणेच्या टोकाला, आणि जुन्या प्रतींच्या बाबतीत कधीकधी सरस.

उघड्यावरच्या पडद्यासाठी जाणार असाल तर जून ते ऑक्टोबर टाळा, किंवा रेनकोट न्या. पाऊस दुपार उतरता उतरता येतो, आणि हिरवळ रात्रीपर्यंत ओलीच राहते.